अठ्ठावन्न दिवसांचा रिसर्च

बालाघाट अलायन्समध्ये एकेचाळीस खेळाडू होते, आणि त्यातल्या प्रत्येकानं पुढं कोणता रिसर्च लावायचा हे एका दोनशे पानी वहीत लिहिलेलं असायचं. ती वही मुरूममध्ये, रणधीरच्या पाण्याच्या मोटारी भरायच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, फ्रिजवर ठेवलेली असे. सव्वा वर्षाच्या तुळजाचा हात पोचू नये म्हणून. वही तुळजाच्या आईची, म्हणजे रणधीरच्या बायकोची, राजेश्वरीची. तिनं उमरग्याच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी केलं होतं, आणि लग्नानंतर त्या गणिताचा उपयोग भाकरी मोजण्यापलीकडं झाला नाही, असं तीच हसत सांगायची. मोबाईलवरच्या या गेममध्ये मात्र तो झाला.

गेम समजायला सोपा होता. प्रत्येकाचं एक राज्य. शेतं, खाणी, कोट, फौज, आणि मधोमध अकादमी. अकादमीत एका वेळी एकच रिसर्च लागतो. पहिले दहा-वीस मिनिटांत होतात, पुढचे तास खातात, मग दिवस, आणि शेवटचे तर महिना-दोन महिने चालतात. त्यामुळं कशाच्या आधी काय शिकायचं, यावरच राज्य टिकतं नाहीतर बुडतं. नवे लोक घाईघाईनं तलवार आणि घोडदळ शिकून बसतात आणि पंधरा दिवसांत त्यांच्या कोठारात दाणा राहत नाही. राजेश्वरीची पद्धत वेगळी होती. ज्या रिसर्चमुळं पुढचे रिसर्च लवकर होतात, तो सगळ्यात आधी. मग धान्य आणि दगड. मग दवाखाना. दवाखाना शिकलेला असला की लढाईत पडलेले शिपाई जखमी होऊन परत येतात. शिकलेला नसला की मरतात. तलवार त्याच्यानंतर.

अलायन्सचे प्रमुख मच्छिंद्र तेरखेड्याकडं विजेच्या सबस्टेशनवर नोकरीला होते. ते तिला मॅडम म्हणायचे. ग्रुपवर त्यांनी एकदा लिहून टाकलं होतं, मॅडमच्या वहीबाहेर जायचं न्हाय, ज्याला जायचं त्यानं खुशाल दुसरं घर बघावं. एकेचाळीसच्या एकेचाळीस जण आपल्याच जिल्ह्यातले, याचा त्यांना भारी अभिमान. बाकीच्या अलायन्समध्ये कोण कुठल्या देशाचा कळत नाही, आपल्याकडं मात्र गेममध्ये भांडण झालं तर माणूस मोटारसायकल काढून समोर जाऊन भांडू शकतो, असं ते म्हणत.

राजेश्वरीला हे सगळं वाचून बरं वाटे. पण ती या गेममध्ये आली होती ती एकाच माणसापायी. तिचा धाकटा भाऊ कुलदीप.

कुलदीप पुण्यात होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका कारखान्यात लागला होता, कंत्राटावर. गेल्या एप्रिलमध्ये माहेरी, तामलवाडीला, चुलतबहिणीचा साखरपुडा होता, तेव्हा तो आला होता. जेवणाच्या पंगतीत पाहुण्यांनी चौकशी केली, धाकटे काय करतात. कुलदीप मान खाली घालून मोबाईल बघत बसला होता. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, लिंबाजींनी, सगळ्यांच्या देखत सांगितलं, "ह्यो आमचा राजा. मोबाईलातला." पंगत हसली. नवऱ्या मुलाकडचे जरा जास्तच हसले. कुलदीपनं ताटावरून उठून हात धुतले आणि सोलापूरची जीप धरली. त्यानंतर त्यानं घरच्या कुणाचाच फोन उचलला नाही. आईचा नाही, राजेश्वरीचाही नाही. मेसेज वाचायचा, उत्तर द्यायचा नाही.

मग एक दिवस राजेश्वरीनं तोच गेम आपल्या मोबाईलवर घेतला, त्याचं राज्य शोधून काढलं आणि अलायन्समध्ये घ्या म्हणून विनंती टाकली. तासाभरानं तिथं उत्तर आलं. "अक्का, तू? आधी शेतं वाढव."

तिथं तो बोलायचा. घरचं एक अक्षर नाही, फक्त गेमचं. कोणती खाण आधी, फौज किती ठेवायची, अकादमी कितव्या पातळीवर न्यायची. तिला येत नव्हतं तेव्हा त्यानं शिकवलं, आणि दोन महिन्यांत ती त्याच्यापुढं गेली तेव्हा त्यानंच मच्छिंद्रना सांगितलं, की प्लॅनिंग माझ्या बहिणीकडं द्या, तिचं डोकं चालतं. आपल्याबद्दल असं कुणी म्हटल्याला तिला किती वर्षं झाली होती.

नावापुढं हिरवा ठिपका दिसला की माणूस ऑनलाईन आहे. राजेश्वरी तुळजाला भरवताना, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मधेच हात पुसून तो ठिपका बघायची. आधी ठिपक्याला वेळा होत्या. सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसमध्ये, दहाला चहाच्या सुट्टीत, अडीचला शिफ्ट सुटल्यावर. पोळा झाला आणि त्या वेळा मोडल्या. आता तो अकरालाही असायचा, बारालाही, चारलाही. नोकरीवर असलेल्या माणसाचा ठिपका असा नसतो, हे तिला कळत होतं. तिनं विचारलं नाही. विचारलं आणि तो इथूनही गेला, तर? आईचा फोन यायचा दर दोन दिवसांनी. कुलदीप काय म्हणतो गं? राजेश्वरी ठरलेलं उत्तर द्यायची. बरा आहे, माझं रोज बोलणं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळी होऊन गेल्यावर, त्यानं लिहिलं, "अक्का, कंटाळा आला आता सगळ्याचा. हा चालू रिसर्च संपला की गेम काढून टाकतो."

तिनं ते वाक्य पाच-सहा वेळा वाचलं. त्यातल्या 'सगळ्याचा'वर तिची नजर जाऊन बसली ती हलेना. मनात येऊ नये ते आलं. रणधीरला दाखवावं म्हणून ती खाली दुकानात गेली, तो तांब्याची तार गुंडाळत होता, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती तशीच वर आली. चालू रिसर्चचे दोन दिवस उरले होते.

तिनं वही काढली. कुलदीपचं पान उघडलं. खरं तर त्याचा आता दवाखाना होता, नऊ दिवसांचा. त्यानंतर पायदळ, त्यानंतर कोटाची भिंत. तिनं ते खोडलं नाही, नुसतं पुढं सरकवलं, आणि मधे एक ओळ घातली. शाही स्थापत्य. अठ्ठावन्न दिवस. बांधकामाचा वेग दोन टक्क्यांनी वाढतो. गेममध्ये त्याच्याइतका लांब आणि त्याच्याइतका निरुपयोगी रिसर्च दुसरा नव्हता.

तिनं त्याला लिहिलं, की सगळ्यांत आधी आपल्यात तूच हा लावू शकतोस, तुझी अकादमी तेवढी मोठी आहे. तुझा झाला की अलायन्सला मोठा फायदा आहे, मी हिशेब केलाय. अर्धा सोडून जाऊ नकोस. बराच वेळ ठिपका हिरवा राहिला, उत्तर आलं नाही. मग आलं, "तू म्हणतेस तर लावतो."

मच्छिंद्रांनी दोन दिवसांनी वेगळा मेसेज टाकून विचारलं, मॅडम, दोन टक्क्यांसाठी अठ्ठावन्न दिवस अकादमी अडकवली पोराची, ह्याच्यात फायदा काय? दवाखान्याविना त्याची साडेतीन लाख फौज म्हंजे नुसता आकडा झाला. राजेश्वरीनं त्यांना एक मोठी आकडेमोड लिहून पाठवली. वेग दोन टक्के, एकेचाळीस राज्यं, मार्चपर्यंतची बांधकामं. तिच्या वहीतलं ते पहिलं खोटं गणित. मच्छिंद्रांनी हात जोडल्याची खूण पाठवली. आपल्याला तेवढं कळत न्हाय मॅडम, तुमी म्हणता तर असंल.

दिवस जात राहिले. रिसर्चला हात लावायची सोय असते. कुणी हात लावला की थोडी मिनिटं कमी होतात. सगळे एकमेकांना लावायचे, तशी शिस्तच होती. राजेश्वरी सगळ्यांना लावायची, कुलदीपला सोडून. त्याची मिनिटं तिला कमी करायची नव्हती. मोबाईलवर एकेक दिवस उतरत होता. पन्नास, चाळीस, तेवीस. तिनं त्याच्यापुढचाही लांब रिसर्च शोधून ठेवला होता, एकोणपन्नास दिवसांचा. म्हणजे फेब्रुवारी उजाडेल. तोवर काहीतरी होईल. अण्णा फोन करतील, नाहीतर तो येईल. काय होईल हे तिला सांगता आलं नसतं.

डिसेंबरात वेळ अमावस्या आली.

राजेश्वरीच्या वहीत शेवटच्या पानावर गैरहजेरीचा तक्ता होता. कोणाच्या तुरीची रास कधी, कोणाची परीक्षा कधी, कोण इलेक्शन ड्युटीवर, कोणाच्या घरी बाळंतपण. त्या त्या दिवशी त्या माणसाच्या राज्यावर दुसऱ्यानं लक्ष ठेवायचं, हल्ला दिसला की फोन करायचा आणि फौज पाठवायची. या तक्त्यामुळं बालाघाटवर सहा महिन्यांत कुणाची हात टाकायची हिंमत झाली नव्हती. त्या तक्त्यात वेळ अमावस्या नव्हती. ती कुणाच्या डोक्यातच आली नाही. तो दिवस लक्षात ठेवायचा नसतो, त्या दिवशी माणूस आपोआप शेतात, पूजेला आणि जेवायला असतो. गावं ओस पडतात, दुकानांना कुलपं लागतात, आणि ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी ओढून नेतं. बाकीच्या अलायन्समध्ये एक झोपला तर दुसऱ्या देशातला जागा असतो. इथं जवळजवळ सगळेच एकाच सकाळी भज्जीच्या मिश्र भाजीचं पातेलं आणि आंबिलीचं मडकं गाडीत घालून निघाले.

मुरूमबाहेर ओढ्याच्या खालच्या अंगाला रणधीरचं शेत होतं, तिथं रेंज येत नसे. कडब्याची कोप उभी केली होती. आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडले होते. सासूबाईंनी पूजा केली, रणधीर आंबील शिंपडत पिकाभोवती फिरून आला. तुळजा ज्वारीच्या ताटांमधून धावायला बघत होती आणि राजेश्वरी तिच्यामागं. विहिरीला कठडा नव्हता. त्यामुळं तिचं सगळं लक्ष पोरीच्या पावलांवर. जेवताना एकदा तिला कुलदीप आठवला. त्याला भज्जी लई आवडायची, बाजरीच्या उंड्याबरोबर. आज तो काय खात असेल? मग सासूबाईंनी वाढायला सांगितलं आणि ते राहिलं.

दिवस मावळताना परत निघाले. डांबरीवर आले तशी रेंज आली, आणि तिचा मोबाईल मांडीवर थरथरायला लागला तो थांबेचना.

पहिला मेसेज सकाळी अकरा वीसचा. कुलदीपचा.

"अक्का, तुझ्या कोटावर चालून येतायत. ढाल लाव."

मग "अक्का ऑनलाईन ये." मग ग्रुपवर, "कोणी आहे का?" मग पुन्हा, "अरे कोणीतरी या, एकटा आहे मी." बारा वाजता, "मी माझी फौज पाठवतोय तुझ्याकडं." त्यानंतर अर्ध्या तासानं नुसतं "अक्का".

पुढचं तिला गेम उघडल्यावर दिसलं. दुसऱ्या एका अलायन्सवाल्यांनी आधी एक चाचणीचा हल्ला केला होता, कुणीच हललं नाही हे बघून मग झुंडीनं आले. नऊ राज्यं जाळली. तिचं पहिलं, कारण तिच्या धोरणामुळं तिची कोठारं शिगोशीग भरलेली. कुलदीपनं तिच्या कोटात आपली साडेतीन लाख फौज घातली होती. दवाखान्याचा रिसर्च नव्हता, त्यामुळं एकही शिपाई जखमी नोंदला गेला नाही, सगळे मेले. आणि एकदा फौज बाहेर काढली की बारा तास स्वतःला ढाल, म्हणजे हल्ला अडवणारं कवच, लावता येत नाही. दोन वाजता त्यांनी त्याचं राज्य जाळलं. अकादमी जळाली की चालू रिसर्च बंद पडतो. त्रेपन्नावा दिवस होता.

ग्रुपवर मच्छिंद्र तीनला आले होते. ते ड्युटीवर होते, मधेच लाईनचं काम निघालं म्हणून मोबाईल बाजूला राहिला होता. त्यांनी सगळ्यांना फोन लावून बघितले, सगळे संपर्कक्षेत्राच्या बाहेर. रागाच्या भरात त्यांनी सगळ्यांपुढं लिहिलं होतं, की म्या दिवाळी झाली तवाच मॅडमना म्हटलं होतं, दवाखान्याच्या आधी दोन टक्क्यांचा रिसर्च कशाला. त्याखाली मॅडमची ती आकडेमोडही चिकटवली होती. आणि त्याखाली कुणीतरी दहावीच्या पोरानंही पकडावी अशी चूक दाखवून दिली होती.

घरी पोचून तिनं झोपलेल्या तुळजाला खाली ठेवलं. रणधीर भांडी उतरवायला परत खाली गेला. तेवढ्यात फोन वाजला. कुलदीप. आठ महिन्यांनी त्याचं नाव असं पडद्यावर आलं होतं. तिनं घाईनं उचलला.

"तुला माहीत होतं का?" त्यानं विचारलं. आवाज बसलेला होता, सर्दी झाल्यासारखा.

ती नाही म्हणू शकली असती. गणित चुकलं म्हणाली असती तर त्यानं मानलं असतं. पण आठ महिन्यांनी तो आवाज ऐकल्यावर तिच्यानं खोटं बोलवेना.

"व्हय. माहीत होतं."

"मग कशाला लावायला लावलंस?"

"तू म्हणालास, संपला की काढून टाकतो. मग तू आहेस का नाहीस हे मला कशावरून कळणार होतं रे? फोन तर तू उचलत नाहीस."

मागं पंखा कुरकुरत होता, आणि कुठंतरी दुसऱ्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. राजेश्वरी त्या आवाजांवरून खोली केवढी असेल, किती जण असतील याचा अंदाज बांधत राहिली.

"मला वाटायचं तू मला खेळाडू समजतेस," तो म्हणाला. "तू म्हणालीस सगळ्यांत आधी तूच लावू शकतोस. ते मी पुन्हापुन्हा वाचायचो, अक्का. आणि तू इकडं मला पोरासारखं झोक्यात घालून बघत बसली होतीस, हलतंय का न्हाय."

"तसं नाही रे—"

"अण्णा बोलले ते तोंडावर तरी बोलले."

तिनं विचारलं, नोकरीचं काय? त्यानं सांगितलं, पोळ्याच्या आधीच गेली. मग काय करतोस, जेवतोस का, कोण आहे बरोबर, असे सगळे प्रश्न तिनं एकदम विचारले, आणि विचारता विचारताच तिला कळलं की हेच नको होतं. तो म्हणाला, तू आता परत सुरू नको होऊस. तिनं म्हटलं, मी येते तिकडं, तू फक्त कुठं आहेस ते सांग. त्यावर तो म्हणाला, "नको येऊस," आणि फोन ठेवला. तिनं लगेच लावला तर उचलला नाही. गेम उघडला तर बालाघाटमध्ये चाळीस जण राहिले होते. नकाशावर त्याच्या राज्याच्या जागी गवत होतं.

सकाळी मच्छिंद्रांचा मेसेज आलेला. चार ओळींची माफी, भाऊ सोडून जाईल असं वाटलं नव्हतं मॅडम. तिनं तो अर्धाच वाचला. कुलदीपला तिनं सातला लावला, आठला लावला, पावणेनऊला लावला. रिंग पूर्ण जायची. रिंग जाते म्हणजे मोबाईल चालू आहे, मोबाईल चालू आहे म्हणजे रात्री कुणीतरी तो चार्जिंगला लावला, म्हणजे तो... आणि तिथं ती थांबली. हे असंच करत करत आपण आठ महिने काढले. तिनं तामलवाडीला अण्णांना फोन लावला.

अण्णा गोठ्यात होते. तिनं सरळ सांगितलं, कुलदीपची नोकरी गेलीय, चार महिने झाले.

"तू तर म्हणत व्हतीस बरा हाय. रोज बोलणं व्हतंय."

बोलणं फक्त गेमचं व्हायचं, असं तिनं सांगितलं. बाकी तिला नुसता एक हिरवा ठिपका दिसायचा, त्यावरून ती बरा आहे म्हणायची. ठिपका म्हणजे काय हे त्यांना कळेना, तेही तिनं समजावलं. अठ्ठावन्न दिवसांचंही सांगितलं. तिला वाटलं ते चिडतील, निदान गेमवरून काहीतरी बोलतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हटकलं नाही. मग म्हणाले, "म्या असं काय बोललो व्हतो त्याला?"

तिनं पंगतीतलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं. पाहुणे कोण कोण होते ते आठवलं, जेवणात काय होतं तेही आठवलं, ते वाक्य नाही. "बोललो असंल," ते म्हणाले. गोठ्यात म्हशीच्या साखळीचा आवाज येत राहिला.

मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. तुळजापूरहून दहाची गाडी मिळंल, ते म्हणाले, चार-पाचपर्यंत पोचतो. तू पोरीला घेऊन दगदग करू नको. त्यांनी गोठ्यातूनच आईला हाक मारली, पेन आण म्हणून.

"हां, सांग," ते म्हणाले. "पुण्यात कुठं ऱ्हातो त्यो?"

राजेश्वरी फ्रिजला टेकून उभी होती. त्याच्या राज्यात किती खाणी होत्या, कोणती भिंत कितव्या पातळीवर होती, तो दिवसातून किती वेळा आणि कधी यायचा, हे तिला न बघता सांगता आलं असतं.

"तुमच्याकडं नाही पत्ता, अण्णा?"

"आमच्याकडं कुठला? तुझं रोज बोलणं व्हतं, तुला ठावं असंल म्हणून आमी कधी इचारलंच न्हाय."

तिकडं फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. आईचा आवाज आला, धावत आल्यासारखा, जरा मोठ्यानं. पेन चालत नव्हतं, आता चालायला लागलं, वहीचं मागचं पान घेतलंय.

"सांग गं," आई म्हणाली. "हळूहळू सांग, लिहून घेते."